आईची गवताची मशीन

आमच्याकडं गवत कापतात ते म्हशीसाठी. विळा घ्यायचा, बांधावर उकिडवं बसायचं, पेंढी बांधून डोक्यावर घरी आणायची. नुसतं चांगलं दिसावं म्हणून गवत कापायचं आणि कापलेलं फेकून द्यायचं, ही गोष्ट मला बरीच उशिरा कळली. ती आईमुळं कळली, कारण असं गवत कापणारी आमच्या घरात ती पहिलीच. कॉलेजात जाणारी मी पहिली, हे सगळे बोलतात. आईचं कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं. नीट लिहिता येईल की नाही, ते मला माहीत नाही.

देवगाव फाट्याच्या अलीकडं, रोडला लागून एक लग्नाचं लॉन्स आहे. एका बाजूला स्टेज, कडेनं नारळाची झाडं, मागं स्वयंपाकाची शेड आणि मधे मोठं हिरवं मैदान. आई तिथं लग्नानंतर झाडायला आणि भांडी घासायला जायची. तिथला माळी पुण्याला कंपनीत लागला, तेव्हा गवत कापायची मशीन नुसती उभी राहिली. एका लग्नाच्या आधी तिथले मॅनेजर कुणी माणूस मिळतो का म्हणून फोन करत फिरत होते. आईनं माळ्याला दोरी ओढताना कितीदा तरी बघितलं होतं. तिनं पदर खोचला, एक पाय मशीनवर टेकवून दोरी ओढली आणि मशीन चालू झाली. मॅनेजर फोन कानाला लावूनच बघत राहिले, असं ती सांगते. मग ते काम तिच्याकडंच राहिलं.

मशीन दिसायला साधी आहे. चार लहान चाकं, वर पेट्रोलचं इंजिन, पोटाखाली पंख्यासारखं फिरणारं पातं आणि मागं ढकलायला लांब दांडी. आई ती एका कडेपासून सरळ नेते, वळवते आणि शेजारून परत आणते. तिच्या मागं गवतावर एक फिका, एक गडद असे पट्टे उमटतात. ते कसे उमटतात याचं मला फार नवल वाटायचं. गवत तर एकच. मग कळलं की जाताना पाती एकीकडं झुकतात आणि येताना दुसरीकडं, म्हणून उजेड वेगळा दिसतो. आईला हे आधीच माहीत होतं. तिनं साडीच्या मखमली काठावरून बोट फिरवून दाखवलं होतं.

गावातल्या बायका तिला चिडवायच्या. "काय गं, गवताला पेट्रोल पाजायलीस म्हणं. तुझ्या लॉनचं गवत म्हशीपुढं टाकलं तर तिनं तोंडच फिरवलं."

"म्हशीसाठी न्हाईच ते," आई म्हणायची. "नवरदेवासाठी हाय."

आषाढात लग्नं थांबतात. खरं तर पावसाळ्यात गवत सगळ्यात जास्त वाढतं, पण तेव्हाच मशीनला सुट्टी असते. लग्न नाही तर पेट्रोल नाही, असा मॅनेजरांचा हिशेब. त्या दिवसांत याच बायका विळे घेऊन येतात आणि लॉनचं गवत आपापल्या गोठ्यात नेतात. मॅनेजरांचं काम फुकटात होतं आणि म्हशींचंही पोट भरतं.

यंदा मशीन ठेवताना मी सोबत होते. आईनं ती आडवी केली, पोटाखाली चिकटलेलं ओलं गवत खुरप्यानं खरवडलं आणि पात्याला तेलाचं बोट लावलं. उंदरांनी घर करू नये म्हणून दोन-चार डांबरगोळ्या ठेवल्या. स्टेजमागच्या खोलीत एका फळीवर ती उभी केली आणि वरून मांडवाचं जुनं कापड टाकलं. टाकीचं काय करायचं, हे तिनं वडिलांना विचारलं होतं. वडील शेतातलं पाण्याचं डिझेल इंजिन बरीच वर्षं चालवतात. ते म्हणाले, "टाकी काठोकाठ भरून ठेव. रिकामी टाकी आतून घामेजती अन् गंजती." म्हणून उरलेलं सगळं पेट्रोल आईनं टाकीत ओतलं.

मधे एकदाच मशीन बाहेर निघाली, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं विळा, खुरपं, कुऱ्हाड, वडिलांचं इंजिन, माझी पुस्तकं, सगळ्यांची पूजा होते. आईनं मशीन पुसून घेतली, झेंडूची माळ घातली. कोरडं कुंकू गुळगुळीत प्लॅस्टिकवर टिकेना, म्हणून ते तेलात कालवलं आणि ठळक टिळा लावला. त्या दिवशी अवजारांना आराम असतो, त्यामुळं चालू करून बघायचा प्रश्नच नव्हता. पूजा झाली आणि मशीन पुन्हा कापडाखाली गेली.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख लॉन्सवाल्यांनी देऊन टाकली होती. गवत विळ्यांनी कुठं खोल, कुठं वर कापलेलं, न्हाव्यानं अर्धी कटिंग सोडून द्यावी तसं दिसत होतं. आईनं मशीन बाहेर काढली आणि दोरी ओढली. मशीन चालू झाली नाही. तिनं दम घेतला, पुन्हा ओढली. सकाळपासून थांबून थांबून ओढत राहिली. त्या शनिवारी दुपारी मी कॉलेजातून सेलूच्या बसमधून उतरून थेट तिथं गेले, तर ती मशीनशेजारी गवतात बसली होती आणि उजवा खांदा दाबत होती.

मॅनेजर तिथंच उभे होते. वाईट माणूस नाही. आवाज चढवून बोलत नाहीत.

"बाई, सोमवारपर्यंत बघा," ते म्हणाले. "न्हाई झाली तर जिंतूरचा एकजण हाय, खांद्यावरची मशीन घेऊन येतो. मी त्याला सोमवारी बोलवूनच ठेवलंय. मग कायमचं त्यालाच सांगून टाकू. तुमाला बी ओढाओढ नको."

"मग मी?" आईनं विचारलं.

"तुमाला काम हायच की. भांडी हायती, झाडझूड हाय. काम कुठं कमी हाय इथं."

 मॅनेजर गेल्यावर मी म्हणाले, "भांड्याचं काम तर तू आधीपण करतच होतीस." मला तिची समजूत काढायची होती.

"करत होते," ती म्हणाली. "पण भांडी घासताना मागं वळून बघितलं तर काय दिसतं? पुन्हा भांडी."

 गवत कापून झालं की ती स्टेजवर चढून एकदा सगळ्या मैदानाकडं बघते, हे मला माहीत होतं. ती खाली उतरेपर्यंत तिला कोणी हाक मारत नाही.

मी फोनवर शोधलं. मशीन कशी ठेवावी याचे खूप व्हिडिओ होते, बहुतेक इंग्रजीत. एका व्हिडिओतला माणूस जाड कोट घालून सांगत होता की बर्फ पडायच्या आधी टाकी रिकामी करा. मला इंग्रजी अजून भराभर कळत नाही, म्हणून थांबवून थांबवून आईला सांगितलं.

"त्यांच्याकडं थंडीत ठेवत्यात व्हय," ती म्हणाली. "अन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कापतात."

"मग त्यांच्या म्हशी काय खात्यात?"

याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं. पण टाकी रिकामी करायची की भरायची, हा प्रश्न आमच्या दोघींच्या डोक्यात अडकला. व्हिडिओतला माणूस एक सांगत होता आणि वडील दुसरं.

फाट्यावर एक मेकॅनिक आहे. मोटारसायकली दुरुस्त करतो. आम्ही मशीन रोडच्या कडेकडेनं ढकलत त्याच्याकडं नेली. एका ट्रकवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "मावशी, ह्या बाबागाडीत पोरगं बसवून न्यायचं का?" आईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मेकॅनिकनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मान मागं घेतली. मीही वास घेतला. पेट्रोलचा नेहमीचा तिखट वास नव्हता. रंगाच्या जुन्या डब्यासारखा, थोडा आंबूस वास होता.

"मावशी, हे नासलंय," तो म्हणाला.

"पेट्रोल नासतं?"

"नासतंय की."

"दुधासारखं?"

"दुधापेक्षा सावकाश. आताच्या पेट्रोलमधी उसाचं स्पिरिट मिसळत्यात. ते हवेतलं पाणी ओढून घेतंय. गाडी रोज पळती, म्हणून तिच्यात कळत न्हाई. ही तुमी आषाढापसनं झाकून ठेवली."

"म्हंजी ह्याच्यात ऊस हाय?" आई टाकीत वाकून बघायला लागली.

"जास्त वाकू नका, चक्कर येईल," तो हसत म्हणाला.

डिझेलच्या इंजिनाला भरलेली टाकी चालते, पेट्रोलच्या मशीनला नाही, हे त्यानं सांगितलं. ठेवायच्या आधी पेट्रोल काढून टाकायचं आणि उरलेल्या थेंबांवर मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायची. आई लक्ष देऊन ऐकत होती. "आमच्या घरी जाऊन तुमीच सांगा," ती म्हणाली. "माझं ऐकायचे न्हाईत."

त्यानं कार्बोरेटरची खालची वाटी खोलली. हा भाग मी पहिल्यांदाच बघत होते. टाकीतलं पेट्रोल आधी या छोट्या वाटीत येतं आणि तिथून केसाएवढ्या नळीतून इंजिनात जातं. वाटीच्या तळाशी पिवळट, मधासारखा चिकट थर बसला होता. त्या थरानंच नळी बुजली होती. मेकॅनिकनं वाटी आईच्या हातात दिली, नळीवर फवारा मारला आणि ब्रेकच्या वायरमधली एक बारीक तार काढून नळीत घातली. मग नळी उजेडाकडं धरली. आईनं पण एक डोळा मिटून त्यातून बघितलं, मग मला दाखवलं. पलीकडच्या रसवंतीची पाटी त्या भोकातून एका टिंबाएवढी दिसत होती.

नवीन पेट्रोल घातलं, प्लग पुसला. आईनं दोरी ओढली आणि मशीन चालू झाली. फाट्यावरच्या हॉटेलातल्या दोघातिघांनी उभं राहून बघितलं.

आम्हाला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी लॉनवर आईनं दुसरा पट्टा घेतला आणि मशीन हळूहळू गुदमरल्यासारखी होऊन थांबली. पेट्रोल संपलं असेल म्हणून तिनं झाकण उघडलं. टाकी भरलेली होती. झाकण लावलं, दोरी ओढली, चालू झाली. पुन्हा दोन पट्टे झाले आणि थांबली. अंधार पडायला लागला म्हणून आम्ही घरी आलो. जेवताना आईनं वडिलांना टाकीचं सांगितलं. "तुमचं डिझेल येगळं," एवढंच म्हणाली. वडील भाकरी मोडत म्हणाले, "मला काय माहीत पेट्रोल नासतंय." मग बऱ्याच वेळानं, "खरंच नासतंय?" असं मला विचारलं. मी उसाचं सांगितलं. तेही चकित झाले.

रविवारी मेकॅनिकचं दुकान बंद होतं. तो कुठल्या तरी कार्यक्रमाला मानवतकडं गेला होता. आम्ही दोघी सकाळीच लॉनवर गेलो. मशीन कालच्यासारखीच वागत होती. चालू व्हायची, दोन पट्टे जायची, बंद पडायची. आई म्हणाली, "गरम होत असंल." म्हणून आम्ही तिला नारळाखाली सावलीत उभी केली आणि चांगली थंड होऊ दिली. चालू झाली नाही. आईनं पेट्रोल बघायला झाकण उघडून लावलं आणि दोरी ओढली. लगेच चालू झाली.

इथं माझ्या मनात काहीतरी आलं, पण बोलावं की नाही कळेना. कॉलेजात मी वर्गात हात वर करत नाही. उत्तर चुकलं तर, असं वाटतं. आईपुढंही थोडं तसंच झालं, कारण मशीन तिची होती. शेवटी म्हणाले, "आई, पुढच्या वेळी बंद पडली की झाकण उघडू नकोस."

"का?"

"बघू फक्त."

मशीन बंद पडली. आईनं झाकणाला हात न लावता दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. मग मी झाकण हळूच फिरवलं आणि आतून 'सुस्स' असा बारीक आवाज आला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. झाकणाखाली माझ्या बोटाला ओढ लागली. नंतर दोरी ओढली तर मशीन चालू.

"परत कर," आई म्हणाली. तिनं मशीन बंद पडेपर्यंत पट्टे मारले आणि या वेळी कान टाकीला लावून बसली. मी झाकण सैल केलं. सुस्स.

आईनं टाकीवरून कान काढला. मग म्हणाली, "तेलाचा डबा."

आई आधी आचाऱ्यांच्या हाताखाली काम करायची. गोड्या तेलाचा मोठा पत्र्याचा डबा फोडताना एका कोपऱ्यात भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही. डचमळत, थांबत, अडखळत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. "तेल बाहेर यायचं तर हवा आत जायला पाहिजे," ती म्हणाली. "हिला दुसरं भोक असंल का न्हाई?"

मला एकदम पटलं. टाकीतलं पेट्रोल खाली वाटीत उतरतं, तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. नाही आली तर टाकी आतल्या आत पेट्रोल ओढून धरणार. पण हवा येणार कुठून? आम्ही टाकी चारी बाजूंनी बघितली. मग झाकण हातात घेतलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध एक लहान भोक होतं. सुलटं केलं, तर त्याच जागी वरच्या बाजूला लाल, कडक झालेला ठिपका होता. धूळ बसून तो जवळजवळ काळा पडला होता.

आम्ही दोघी त्या ठिपक्याकडं बघत होतो. झाकणाच्या मधोमध नेमका एक खोलगट भाग आहे, कपाळावर टिळ्याची जागा असते तसा. कोणीही टिळा तिथंच लावला असता.

आईनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली. तेलात कालवलेलं कुंकू खडूसारखं वाळलं होतं. तिनं ते हळूहळू कोरलं, पदरानं झाकण पुसलं आणि आतल्या बाजूनं फुंकर मारली. माझ्या तळहाताला वारा लागला. सुई जाईल एवढंच भोक होतं.

"मीच हिचं नाक दाबलं गं," ती म्हणाली. तिला वाईट वाटतंय की हसू येतंय, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. "अन् माळ घालून वर पाया पडले."

मी म्हणाले, "कोणाला सांगायचं नाही."

"कामून? चोरी केली का?"

त्या दिवशी मशीन थांबली नाही. अर्धं मैदान झालं. मग पेट्रोल संपलं, खरोखर संपलं, आणि बाकीचं सोमवारवर ठेवलं.

सोमवारी माझी पहिली बस मी जाऊ दिली. दोन तास बुडणार होते, पण मला बघायचं होतं. आईनं सकाळीच सुरुवात केली. उन्हं वर आली तेव्हा जिंतूरचा माणूस मोटारसायकलवरून आला. खांद्याला पट्ट्यानं अडकवायची मशीन त्यानं मागं बांधली होती. तिशीतला असेल. मॅनेजर त्याच्याबरोबर गेटमधून आत आले आणि दोघंही थांबले. आई समोरून येत होती, मागं नवा पट्टा सोडत.

ती जवळ आली तसं मॅनेजरांनी मोठ्यानं विचारलं, "काय झालं होतं बाई?"

आईनं मशीन थांबवली. "पेट्रोल नासलं होतं. ते मेकॅनिकनं काढलं. अन् झाकणाचं भोक बुजलं होतं, तिला हवा मिळंना."

"कशानं बुजलं?"

मी आईकडं बघितलं. ती सरळ म्हणाली, "कुंकवानं. खंडेनवमीला मीच लावलं होतं."

मॅनेजरांनी वळून गेटबाहेर बघितलं. त्यांच्या गाडीच्या बोनेटवर दसऱ्याचं स्वस्तिक अजून होतं. मग हसले. "देवाला बी जागा बघून नमस्कार करावा लागतो म्हणायचं."

जिंतूरचा माणूस हसला नाही. त्यानं आपल्या मशीनच्या टाकीच्या झाकणावर अंगठा फिरवला आणि काहीतरी खरवडून टाकलं. कोणाकडं न बघता.

मॅनेजर मैदान बघत होते. अर्ध्याहून जास्त झालं होतं आणि पट्टे दोरीनं आखल्यासारखे सरळ होते. शेवटी ते त्या माणसाला म्हणाले, "तुमी असं करा, भिंतीच्या कडा अन् नारळाच्या बुडाखालचं तेवढं काढा. तिथं हिची चाकं जात न्हाईत. मधलं बाईच करतील."

"आज की कायमचं?" आईनं विचारलं.

मी असं कधी विचारू शकले नसते. मॅनेजरांनी मान हलवली. "कायमचं. पण पुढच्या आषाढात टाकी रिकामी करा."

"करीन," आई म्हणाली.

जिंतूरचा माणूस पट्टा खांद्यावर चढवत आईच्या मशीनकडं बघत होता. त्याच्या मशीननं गवत कापलं जातं, पण पट्टे उमटत नाहीत, हे बहुतेक त्याच्या लक्षात आलं असावं. "मावशी," तो म्हणाला, "एक चक्कर मी मारून बघू का?"

आईनं दोरी ओढून मशीन चालू केली होती. या मशीनच्या दांडीला लागून एक पातळ सळई असते. ती दांडीबरोबर घट्ट धरून ठेवावी लागते, सोडली की इंजिन बंद. आईनं दोन्ही हातांनी ती धरली होती.

"आधी तुमच्या कडा होऊ द्या," ती इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाली, आणि हात न सोडता पुढच्या पट्ट्याला वळली.